विमान हवेत थांबवलं, तर अमेरिका खाली येईल?

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात कुणाचा मुलगा अमेरिकेला निघाला, की त्याला नागपूरच्या विमानतळावर सोडायला जाणाऱ्या गाडीत एक शास्त्र हमखास ऐकू येतं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली अमेरिका आपणहून सरकत येते म्हणे! पुरावा तिकिटाचा. समजा, उन्हाळ्यात मुंबईहून रात्री 1 वाजता सुटलेलं विमान न्यू यॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7 वाजता उतरलं. म्हणजे सहाच तास.

सहा नव्हे, साडेपंधरा. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यू यॉर्कची. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. हा फरक मिळवायचा राहून जातो आणि मग सगळं श्रेय पृथ्वीला.

पृथ्वी फिरते ती हवेसकट, हे किती वेळा सांगायचं? सौंसरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,550 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते आहे. हवा मागे राहिली असती, तर इथल्या संत्र्याच्या बागांवर तेवढ्याच वेगाचं वारं अहोरात्र आदळलं असतं. मृग बहार तर सोडाच, झाडही उरलं नसतं. पांढुर्णा स्टेशनावरून सुसाट जाणाऱ्या गाडीत नाणं वर उडवलं तर ते हातातच पडतं, मागच्या डब्यात नाही. हेलिकॉप्टर तासभर हवेत एका जागी राहिलं, तरी खाली तेच हेलिपॅड असतं.

प्रत्यक्षात घडतं ते नेमकं उलट: पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं. जमिनीपासून साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम हे जोरकस वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या दिशेमागे पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे खरा, पण फायदा पूर्वेच्या प्रवाशाला. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान असा वारा पाठीशी घेऊन न्यू यॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. उलट दिशेला सात तास सहज लागतात.

तरी शंका असेल, तर एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिलेले आकडे पाहावेत. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेलं. वाट 15,300 किलोमीटरची, नेहमीपेक्षा सुमारे 1,400 किलोमीटर लांब. वेळ मात्र साडेचौदा तास, जवळजवळ दोन तास कमी!

‘नकाशावरची सरळ रेघ सगळ्यात जवळची’ हाही गैरसमजच. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यू यॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो रशिया, नॉर्वे, आइसलँडच्या बाजूने वर चढून उतरतो. लांबी सुमारे 12,500 किलोमीटर.

आणि ‘अंतर कळलं की वेळ कळली’ असंही नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली. दिल्ली आणि अमेरिका होत्या तिथेच राहिल्या, पण एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.