खो-खो : मातीतून मॅटवर

दोन खांब आणि सपाट माती एवढ्यावर खो-खो उभा राहतो; म्हणूनच तो खेड्यापाड्यांतील शाळांत रुजला. मूळच्या पाठशिवणीला खेळाचे रूप आले ते मात्र नियमांमुळे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियम बांधण्याचे काम हाती घेतले. पळणाऱ्याने हवे तसे वळावे. पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडू नये, दिशा बदलू नये, अडल्यास बसलेल्या गड्याला ‘खो’ द्यावा. नुसत्या वेगापेक्षा हेरण्याला किंमत आली ती या बंधनामुळेच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी ठरले. सामने मॅटवर झाले. मातीत अनवाणी सराव केलेल्या ग्रामीण मुलामुलींना तेथे बूट घालून नव्याने धावायला शिकावे लागते, आणि मॅटचा खर्च गावच्या शाळेला सहसा झेपत नाही.