घरचे चॉकलेट आइस्क्रीम : साखर थोडी, गोडी पुरेशी

वैशाख लागला की हैदराबादेत पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी रस्ते ओस पडतात, सुलतान बाजारातील आणि काचीगुड्यातील घरांची दारे चार वाजेपर्यंत उघडत नाहीत. सायंकाळी जरा वारा सुटला म्हणजे माणसांची पावले मोझमजाही मार्केटकडे वळतात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे पुत्र मोअज्जम जाह यांचे नाव धारण करणारी ही दगडी इमारत १९३५ साली उभी राहिली. तिच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली खुर्च्या टाकून बसावे आणि आंब्याचे किंवा चिकूचे आइस्क्रीम खावे, हा या शहराचा जुना परिपाठ आहे.

परंतु श्रोतेहो, अशा वेळी बरोबरची मुले आंबा मागत नाहीत, चिकूही मागत नाहीत. ती मागतात चॉकलेट. आणि घरातील आजी, जिला मधुमेह आहे, ती 'मला नको' म्हणून हात आखडून बसते. मुलाने किती खावे आणि आजीने मुळीच खाऊ नये काय, हे दोन प्रश्न एकाच टेबलावर उभे राहतात. आजच्या भाषणात या दोन्ही प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच शहरात, तारनाक्याला मिळते. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी जी लहानशी शाखा निघाली, तीच वाढून १९५८ साली हैदराबादेत आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्ध झाली. या संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाकाठी दोन हजार कॅलरींचा आहार धरला, तर वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा तीत दंडक आहे. पंचवीस ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे पाच-सहा चमचे. लहान मुलाचा आहार याहून कमी, म्हणून त्याची मर्यादाही कमी. नेहमीच्या रीतीने घरी आइस्क्रीम करताना लिटरभर दुधाला दीडशे ग्रॅम साखर सहज पडते. दहा वाट्या केल्या तरी वाटीमागे पंधरा ग्रॅम झाली. सकाळचे गोड दूध आणि दुपारचे सरबत हिशेबात धरले, तर मुलाची दिवसाची साखर त्या एका वाटीतच संपते.

मग साखर कमी केली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. अनेक गृहिणींनी तसे करून पाहिलेही असेल. आणि डब्यातून निघालेला दगडासारखा गोळा सुरीने फोडताना त्यांचा उत्साह मावळला असेल. याचे कारण समजून घेतले पाहिजे. आइस्क्रीममध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. ती आणखी एक काम करते, आणि ते काम आपल्याला दिसत नाही.

आइस्क्रीमच्या पॉटची लाकडी बादली डोळ्यांपुढे आणा. मधल्या डब्याभोवती आपण बर्फ घालतो आणि त्यावर जाडे मीठ टाकतो. नुसता वितळता बर्फ शून्य अंशावर राहतो. त्यात मीठ मिसळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, बर्फ अधिक वेगाने वितळू लागतो, आणि वितळण्यास लागणारी उष्णता तो डब्यातील दुधातून ओढून घेतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ असले, तर हे मिश्रण शून्याखाली एकवीस अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. घरच्या बादलीत इतकी थंडी साधत नाही आणि तिची गरजही नसते. सहा भाग बर्फास एक भाग मीठ पुरते. बादलीत मीठ जे करते, तेच डब्यात साखर करते. दुधातील सगळेच पाणी ती एकदम गोठू देत नाही, आणि म्हणून आइस्क्रीम चमच्याने उचलण्याइतके मऊ राहते. साखर काढून टाकली की हा मऊपणा देणारे दुसरे काहीतरी योजावे लागते.

ते दुसरे काहीतरी म्हणजे पिकलेले फळ. फळातील द्राक्षशर्करा व फलशर्करा यांचे कण आपल्या नेहमीच्या साखरेच्या कणांहून लहान असतात. त्यामुळे तितक्याच वजनात त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट भरते, आणि गोठणबिंदू खाली आणण्याची त्यांची शक्तीही त्याच मानाने अधिक असते. शिवाय फळाचा गर दाट असतो, तो बर्फाचे मोठे स्फटिक बनू देत नाही. या कामी केळे आणि चिकू यांच्यासारखी फळे नाहीत. सालीवर काळे ठिपके पडलेले केळे, जे मुले ताटात ठेवून उठतात, तेच येथे उत्तम. कारण त्यातील पिठाची साखर झालेली असते. चिकूचा रंग आणि स्वाद तर चॉकलेटशी असा जुळतो की दोन्ही एकाच झाडाची फळे वाटावीत.

आता चॉकलेटविषयी. बाजारातील दुधाच्या चॉकलेटच्या वडीत बहुधा निम्म्याच्या आसपास साखर असते. त्यातील कोकोची चरबी शरीराच्या उष्णतेला जेमतेम वितळते, म्हणून ती वडी आइस्क्रीममध्ये घातली तर थंड जिभेवर मेणासारखी राहते आणि स्वाद लवकर सुटत नाही. यासाठी बिनसाखरेची कडू कोको पूड घ्यावी. डब्यावर 'ड्रिंकिंग चॉकलेट' असे लिहिले असेल, तर त्यात साखरेचाच भरणा अधिक, हे ओळखावे. आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या नारळाच्या बागांतून कोकोची झाडे मोठ्या प्रमाणावर लावलेली आहेत, तेव्हा हा पदार्थ आता परका राहिलेला नाही.

कृती अशी. एक लिटर साईचे दूध मंद आचेवर सातशे मिलिलिटर होईपर्यंत आटवावे. तीस ग्रॅम कोको आणि दहा ग्रॅम आरारूट थोड्या गार दुधात गुठळी न राहील असे कालवावे, उकळत्या दुधात ओतावे, आणि चार-पाच मिनिटे ढवळत शिजवावे. कोको कच्चा राहिला तर जिभेला खरखरीत लागतो. त्यात चाळीस ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालावे. मीठ कडवटपणा झाकते आणि थोडी साखर अधिक भासवते. भांडे गार पाण्यात ठेवून मिश्रण लवकर निववावे, मग दोन मोठ्या केळ्यांचा किंवा चार चिकूंचा, म्हणजे सुमारे अडीचशे ग्रॅम, घोटलेला गर त्यात मिसळावा. फ्रिजमध्ये दोन तास ठेवून मग पॉट फिरवावा. दांडा जड होऊन फिरेनासा झाला की आइस्क्रीम झाले.

याच्या दहा वाट्या होतात. वाटीमागे वरची साखर चार ग्रॅम, केळ्याची तीन-साडेतीन आणि दुधाची स्वतःची पाचेक ग्रॅम. साखर इतकी कमी असल्याने हे आइस्क्रीम ताजे असतानाच सर्वांत चांगले लागते. फ्रीझरमध्ये ठेवल्यास ते घट्ट होते, म्हणून वाढण्यापूर्वी काही मिनिटे बाहेर काढून ठेवावे. त्यात आणखी एक लाभ आहे. अतिथंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. वितळलेले आइस्क्रीम फार गोड लागते, ते यामुळेच. जरा मऊ होऊ दिले की थोडी साखरही पुरेशी वाटते.

ज्यांच्याकडे पॉट नाही, त्यांनी पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या फ्रीझरमध्ये चार-पाच तास गोठवाव्यात आणि दोन केळ्यांना एक मोठा चमचा कोको या मानाने मिक्सरमधून काढाव्यात. वरून साखर मुळीच लागत नाही. किंवा श्रीखंडासाठी करतो तसा चक्का बांधावा, त्यात चिकूचा गर आणि कोको फेटून लहान वाट्यांत किंवा कुल्फीच्या साच्यांत गोठवावा.

काही सावधगिरीच्या सूचना देणे अवश्य आहे. गोठवल्याने रोगजंतू मरत नाहीत, ते केवळ स्वस्थ पडून राहतात. म्हणून दूध उकळलेलेच हवे आणि एकदा वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवू नये. बाजारच्या बर्फाचे पाणी कोठले, याचा भरवसा नसतो. तो बादलीतच राहावा, डब्याच्या झाकणापर्यंत चढू नये, आणि झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे. मिठाचा बर्फ मुलांनी हाताने चाचपू नये, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला म्हणजे पदार्थ पथ्याचा झाला, हा समज सोडून द्यावा; शरीराच्या लेखी तीही साखरच. आणि विकत आणावयाचे झाल्यास वेष्टन वाचावे. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे नुसते 'आइस्क्रीम' म्हणविणाऱ्या पदार्थात दुधाची चरबी किमान दहा टक्के असावी लागते. वनस्पती तेलापासून केलेल्या पदार्थास 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावे लागते.

आता राहिला आजीचा प्रश्न. हे आइस्क्रीम मधुमेहाचे औषध नव्हे, आणि फळाची साखरही रक्तात जातेच. तथापि पोळीभाताचा हिशेब सांभाळून, डॉक्टरांना विचारून अर्धी वाटी घेणे बहुतेकांना अशक्य नसते. पंधरा ग्रॅम साखरेच्या वाटीला जो नकार द्यावा लागतो, तो दोन ग्रॅमच्या अर्ध्या वाटीला द्यावाच लागतो असे नाही.

तेव्हा येत्या रविवारी माळ्यावरचा पॉट खाली काढावा. दुपार कलली की अंगणात गोणपाट अंथरून मुलांनी पाळीपाळीने दांडा फिरवावा, मोठ्यांनी बर्फ फोडून द्यावा. दांडा जड झाला की मुले आपोआप आजीला हाक मारतील, कारण आइस्क्रीम झाले की नाही हे घरात तिलाच कळते. तिने झाकण उघडावे आणि पहिला चमचा तिनेच चाखावा.