वाऱ्याला मोकळी ठेवलेली मशीद

जकार्तात बारा महिने घाम सुकत नाही. अशा शहरात लाखभर माणसं एकाच वेळी नमाजाला उभी राहतील एवढी मशीद बांधायची, तर ती चहूबाजूंनी भिंतींत कोंडून चालणार नाही, हे वास्तुरचनाकार फ्रेडरिक सिलाबान यांनी पक्कं धरलं होतं. म्हणून इस्तिकलाल मशिदीच्या मुख्य दालनाच्या कडेला जाडजूड भिंतींऐवजी भौमितिक नक्षीच्या धातूच्या जाळ्या आहेत. बाहेर कोकणातल्या घराच्या पडवीसारखी खोल सावली, आणि पलीकडे स्तंभांच्या रांगांनी वेढलेलं प्रचंड अंगण. भर दुपारी संगमरवरावर अनवाणी उभं राहिलं की जाळीतून येणारी झुळूक अंगाला लागते. या वास्तूचं खरं मोठेपण मला घुमटापेक्षा या झुळकेत दिसतं.

सिलाबान उत्तर सुमात्रातले बाटाक, धर्माने प्रोटेस्टंट ख्रिस्ती. राष्ट्रीय मशिदीसाठी १९५५ साली स्पर्धा झाली, तेव्हा परीक्षकांचे प्रमुख होते खुद्द राष्ट्राध्यक्ष सुकार्नो. प्रवेशिकांवर नावं नव्हती, बोधवाक्यं होती. सिलाबान यांनी लिहिलं होतं ‘केतुहानान’, म्हणजे ईश्वरत्व. तोच आराखडा निवडला गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशाची राष्ट्रीय मशीद एका ख्रिस्ती माणसाने रचली, ही गोष्ट आजच्या दिवसांत पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

जागेवरून मात्र वाद झाला. उपराष्ट्राध्यक्ष हट्टा यांना ही मशीद वस्तीजवळ, थामरिन रस्त्याकडे हवी होती. विल्हेल्मिना उद्यानातला जुना डच किल्ला पाडण्यात पैसा जाईल, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण सुकार्नोंना ती याच उद्यानाच्या जागी, मर्देका चौकालगत, कॅथेड्रलच्या समोरच हवी होती. किल्ला पाडला गेला. २४ ऑगस्ट १९६१ रोजी पायाभरणी झाली, आणि पुढे पैशांची चणचण व १९६५ची राजकीय उलथापालथ यांत काम रखडत गेलं. १९७० मध्ये सुकार्नो गेले. २२ फेब्रुवारी १९७८ रोजी उद्घाटन केलं ते त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुहार्तोंनी.

इस्तिकलाल म्हणजे स्वातंत्र्य. मुख्य घुमटाचा व्यास ४५ मीटर, शेजारच्या लहान घुमटाचा ८ मीटर: ऑगस्ट १९४५, स्वातंत्र्याच्या घोषणेचा महिना आणि वर्ष. मोठा घुमट १२ स्तंभांवर उभा आहे. रबिउल अव्वलची १२ तारीख ही पैगंबरांची जन्मतिथी. मिनार मात्र एकच. आवारात मेरांटीच्या एकाच खोडातून कोरलेला बेदुग, म्हणजे प्रचंड नगारा, ठेवला आहे. अजानच्या आधी बेदुग वाजवण्याची इथली जुनी रीत आहे.

समोरचं कॅथेड्रल १९०१चं. नाताळात तिथे येणाऱ्यांच्या गाड्या मशिदीच्या आवारात लागतात, ईदला कॅथेड्रल प्रार्थनेच्या वेळा बदलून घेतं. आता दोन्ही वास्तू भुयारी मार्गाने जोडल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस आले, तेव्हा ते प्रमुख इमाम नसरुद्दीन उमर यांच्यासह या भुयाराच्या तोंडाशी उभे राहिले होते.

जुआंडा रेल्वे स्थानकावरून मशीद चालत जाण्याइतकी जवळ आहे. मुस्लिमेतरांनाही आत जाता येतं. अंगभर कपडे हवेत, चपला बाहेर काढायच्या. शुक्रवारची दुपार टाळावी. वरच्या सज्जांवर जायला मिळालं तर जरूर जावं, कारण स्तंभांची उंची आणि खालच्या दालनाचा पसारा तिथूनच नीट कळतो.