आमच्या मागे याचे कोण?

पळस्पे फाट्याशी मुंबईहून येणारा रस्ता दुभंगतो. एक फाटा घाट चढून पुण्याला जातो, दुसरा कोकणात उतरतो. पनवेल परिसरातील या गजबजलेल्या नाक्यावर वाटसरूसाठी पाट्या पुष्कळ आहेत. परंतु ज्या घरात मतिमंद मूल वाढते आहे, त्या घराला पुढची वाट दाखविणारे फारसे कोणी नसते. मूल लहान असते तोवर प्रश्न शाळेचा असतो. ते पंचविशीत आले आणि आईबाप थकले, की एकच प्रश्न उरतो : आमच्या मागे याचे कोण?

महाराष्ट्रात या प्रश्नाला शासनाआधी आईबापच भिडले. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या जय या कन्येच्या निमित्ताने शाळा काढली. शिवडीची 'जय वकील' संस्था तीच. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' उभी राहिली. बदलापूरची 'आधार' ही तर प्रौढ मतिमंदांसाठी पालकांनीच उभारलेली संस्था. पुढे १९९५ साली देशभरच्या पालकसंघटना 'परिवार' या महासंघात एकत्र आल्या आणि १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला.

या कायद्यान्वये अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. ती नेमणूक जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती यांची स्थानिक समिती करते. तरतूद चांगली आहे. परंतु पळस्प्याच्या माणसाचा जिल्हा म्हणजे पेण, वडखळ ओलांडून अलिबाग. रोजंदारी बुडवून, मोठ्या मुलाला सांभाळत, कागदांसाठी खेपा घालणाऱ्या मातेला हा कायदा किती दूरचा वाटत असेल!

आणखी एक प्रश्न याहून नाजूक आहे. आईबाप मुलासाठी बोलतात, हे खरे; पण मूल स्वतः केव्हा बोलणार? अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९७४ साली अशाच स्त्री-पुरुषांनी परिषद भरवून 'आम्ही आधी माणसे आहोत' असे बजावले आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली. आपल्याकडेही २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाचे तत्त्व स्वीकारले : पालकाने निर्णय लादायचा नाही, संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेनुरूप तो घ्यायचा. कोठे राहावे, कोणते काम करावे, आपल्या पैशाचे काय करावे, हे ज्याला कधी कोणी विचारलेच नाही, त्याला उत्तर देण्याची सवय तरी कशी लागावी?

ती सवय गावातच लागू शकते. त्यासाठी मोठी इमारत नको. पाच-सहा गावांतील पालकांनी महिन्यातून एकदा शाळेच्या ओसरीवर जमावे, मुलांना सोबत आणावे, अलिबागची खेप एकट्याने न करता मिळून करावी. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागावा. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र याच तालुक्यात, खारघरला आहे. तेथील जाणकारांना गावात बोलवावे.

२०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्या आईबापांना अमरत्वाचा वर मिळणार नाही. मात्र शेजारी, पंचायत आणि पालकांचा संघ यांनी मनावर घेतले, तर 'आमच्या मागे याचे कोण?' या प्रश्नाला 'आपले गाव' असे उत्तर देता येईल. ते देताना त्या मुलालाही एकदा विचारावे, एवढेच.