चिखल्याचा दगड आणि सहा हजार वर्षे

तुमसर तालुक्यातील चिखला किंवा डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणीतला काळा, हाताला जड लागणारा दगड आपण वर्गात फिरवला, की पहिला प्रश्न येतो, "सर, हा किती जुना?" "सुमारे शंभर कोटी वर्षे" असे उत्तर दिले की कधी कधी दुसरा प्रश्नही येतो. एखादा विद्यार्थी म्हणतो, "पण देवाने जग सहा हजार वर्षांपूर्वी निर्माण केले, असे आमच्याकडे शिकवतात." शेजारचा लगेच म्हणतो, "आमच्या पंचांगात तर कोट्यवधी वर्षे आधीच लिहिली आहेत!" अशा वेळी हसून विषय बदलणे सोपे असते. पण प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

आकडे आले कोठून?

आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधील पिढ्यांची वर्षे आणि राजांचे ज्ञात इतिहास जुळवून सृष्टीची सुरुवात इ.स.पूर्व ४००४ मध्ये झाली, असे गणित मांडले. त्या काळी हाती ग्रंथांखेरीज दुसरे साधन नव्हते. खडकांचे वय मोजता येते, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आपल्याकडील कालगणनेत ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा आहे. आधुनिक विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते. आकडे जवळचे दिसतात, म्हणून अनेकांना अभिमान वाटतो. पण ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी आहे. त्यातील आजवर सरलेला काळ त्याच गणनेनुसार सुमारे १९७ कोटी वर्षे भरतो. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेल्या, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या आमगाव परिसरातील नाइस जातीचे खडक त्याहूनही जुने आहेत. तेव्हा एक आकडा लहान म्हणून हसावे आणि दुसरा मोठा म्हणून मिरवावे, हे बरोबर नाही. दोन्ही आकडे दगड तपासून आलेले नाहीत.

पाद्री आणि जीवाश्म

श्रद्धावान माणूस जुन्या खडकांकडे पाहू शकत नाही, असे समजण्याचे कारण नाही. विदर्भाच्या भूविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. ते १८४५ साली नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह आसपासचे खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख सापडतात. याचा अर्थ एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळे साचले, त्यात जीव वाढले, मेले, गाळात गाडले गेले आणि मग दुसरा लाव्हा आला. एका झटक्यात हे घडणार नाही. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळ नदीत बुडून वारले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने आहे.

त्यांच्याच चर्चचे पहिले अध्यक्ष टॉमस चामर्स यांचे मत होते, की बायबलच्या पहिल्या दोन वचनांमध्ये कितीही मोठा काळ गेलेला असू शकतो. त्याच चर्चमधील लेखक ह्यू मिलर सृष्टीच्या सहा दिवसांचा अर्थ सहा प्रदीर्घ युगे असा लावत. पृथ्वी जुनी आहे, हे या मंडळींनी धर्म न सोडता मान्य केले होते, तेही डार्विनचा ग्रंथ १८५९ साली येण्यापूर्वी.

दगडाची साक्ष

आता आपल्या दगडाकडे येऊ. मँगनीजबरोबर चिखल्याच्या पट्ट्यात 'गोंडाइट' नावाचा खडक सापडतो. गोंड लोकांवरून हे नाव लुई फर्मोर या भूवैज्ञानिकांनी दिले. त्यात मँगनीजयुक्त गार्नेटचे कण असतात. मुळात हा समुद्रतळाशी साचलेला गाळ होता. तो कित्येक किलोमीटर खोल गाडला गेला, काहीशे अंश तापमानात भाजला गेला, तेव्हा हे गार्नेट तयार झाले. नंतर वरचे सर्व खडक झिजून तो उघडा पडला.

फळ्यावर एक गणित मांडा. वरचा थर फक्त १० किलोमीटर होता आणि तो दरवर्षी १ मिलिमीटर झिजला, असे धरू. सपाट प्रदेशासाठी हा वेग फारच जास्त आहे, तरीही १ कोटी वर्षे लागतात. सहा हजार वर्षांत जेमतेम ६ मीटर झीज होईल.

दगडातील घड्याळ

नेमके वय किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून कळते. वर्गात शंभर चिंचोके फोडून त्यांच्या डाळी घ्या. त्या फेका, पांढरी बाजू वर आलेल्या बाजूला काढा, उरलेल्या मोजून पुन्हा फेका. दर फेकीला साधारण निम्म्या उरतील. अगदी निम्म्या नाही उरल्या तरी प्रमाण जवळपास तेच राहील. किती उरल्या हे पाहून किती फेकी झाल्या, ते सांगता येते. युरेनियम-२३८ मध्ये अशी एक 'फेक' ४४७ कोटी वर्षांची, तर युरेनियम-२३५ मध्ये सुमारे ७० कोटी वर्षांची असते. पहिल्याचे शिसे-२०६ बनते, दुसऱ्याचे शिसे-२०७. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना शिसे जवळजवळ आत घेत नाही. म्हणजे एकाच स्फटिकात वेगवेगळ्या गतीची दोन घड्याळे चालू असतात. दोन्ही एकच वय दाखवतात, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला कारण मिळते.

"पूर्वी घड्याळ जोरात चालत असेल तर?" ही शंका चांगली आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये एका शेजारच्या दीर्घिकेत ताऱ्याचा स्फोट दिसला. तो प्रकाश सुमारे १ लाख ६८ हजार वर्षे प्रवास करून आला होता. स्फोटानंतर तो मंदावत गेला तो कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्यानुसार. प्रयोगशाळेत आज मिळते तेच हे अर्धायुष्य! देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला, असे कोणी म्हटले तर ते खोडता येत नाही. पण मग न घडलेल्या स्फोटाचे चित्र आपण पाहिले, असे मानावे लागेल. आणि जे कोणत्याही निरीक्षणाने तपासता येत नाही, ते विज्ञानाच्या तासाबाहेर राहते.

मग वर्गात काय सांगावे?

खडकांच्या वयाबद्दल दोन्ही उत्तरे बरोबर असू शकत नाहीत, हे लपवू नये. सहा हजार वर्षे हे वय पुराव्यांशी जुळत नाही. पण मुलाच्या घरच्या श्रद्धेची परीक्षा घेणे हे आपले काम नव्हे. जग कशासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर झिरकॉन देत नाही. ग्रंथाचा अर्थ कसा लावायचा, हे तो मुलगा मोठा होऊन स्वतः ठरवील. चामर्स आणि मिलर यांनी तेच केले.

आपण त्याला एकच सवय लावावी. कोणताही आकडा ऐकला, मग तो बायबलचा असो, पंचांगाचा असो की पाठ्यपुस्तकाचा, "हे कसे ठरवले?" असे विचारावे. चिखल्याचा दगड त्याच्या हातात द्या आणि सुरुवात तिथून करा.