डिझेलमधील गंधक आणि ग्रामीण हवा

पुणे-सोलापूर महामार्ग इंदापूर तालुक्यातून जातो. १ एप्रिल २०१० रोजी देशातील ज्या १३ शहरांना भारत टप्पा-४ चे इंधन लागू झाले, त्यांत या मार्गावरील पुणे व सोलापूर ही दोन्ही शहरे होती. तेथील डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भागांहून अधिक गंधक असू नये, असा दंडक होता. मधल्या इंदापूर-बारामतीसारख्या ग्रामीण भागासाठी मात्र त्याच वर्षी ३५० भागांची मर्यादा ठरली. मालमोटारीची टाकी कोठे भरली, यावर सातपट फरक पडू शकत होता! हा भेद १ एप्रिल २०१७ पर्यंत मिटला आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० भागांची मर्यादा आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ती १०,००० भाग, म्हणजे एक टक्का, होती.

खनिज तेलात गंधक मुळातच असते. ते जळले की सल्फर डाय-ऑक्साइड हा डोळ्यांना न दिसणारा, पण घशाला झोंबणारा वायू तयार होतो. युरिया टाकलेली शेते व गोठे यांतून हवेत अमोनिया मिसळत असतोच. त्याच्याशी संयोग होऊन सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात व ते फुप्फुसांत खोलवर शिरतात. ट्रॅक्टरच्या नळीतून निघणारा काळा धूर हा गंधकाचा नव्हे, काजळीचा असतो. तथापि काजळी व विषारी वायू अडविणारी नव्या वाहनांतील यंत्रणा गंधकामुळे निकामी होते. म्हणूनच इंजिनाआधी इंधन सुधारणे भाग होते.

तेलशुद्धीकरण कारखान्यांत उच्च तापमान व दाब यांखाली डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करून गंधक वेगळे काढतात. ते वाया जात नाही. खतांच्या कारखान्यांना ते लागतेच. या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण मात्र कमी होतो. नवे डिझेल ‘कोरडे’ असल्याची तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु त्यात वंगणगुण वाढविणारे द्रव्य मिसळले जाते व डिझेलचा वंगणगुण किती असावा हेही मानकात ठरलेले आहे. पंप खराब होण्याचा खरा धोका भेसळीचा. स्वस्त म्हणून घेतलेल्या औद्योगिक तेलातून काढून टाकलेले गंधकही पुन्हा टाकीत येते.

गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टरांची रीघ लागते. त्यांना शहरातल्याइतकेच स्वच्छ डिझेल आता मिळते. इंजिने मात्र बव्हंशी जुनी आहेत. ट्रॅक्टरांसाठीचा कडक टप्पा १ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तोही ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांपुरताच.