जुनी एक्सयूव्ही ५०० घेताय? आधी हे तपासा

धाराशिव : घरात माणसं सात, पण नव्या गाडीचं बजेट नाही, अशांची नजर जुन्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० वर जाते. २०११ मध्ये आलेली ही गाडी २०२१ मध्ये बंद झाली. तिचं २.२ लिटर एमहॉक डिझेल इंजिन स्कॉर्पिओतही होतं, त्यामुळं ते मेकॅनिकच्या ओळखीचं आहे. क्लच, टर्बो, सस्पेन्शन मात्र तपासून घ्या. तिथं खर्च मोठा. सातही जण बसले, तर सामानाला जागा उरत नाही.

सातबाऱ्यावर बघता तसा आरसीवरही बँकेचा बोजा बघा, थकीत ई-चलनही बघा. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, म्हणून २०११-१२ चं मॉडेल स्वस्त दिसलं तरी घाई नको. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.